दक्षिणेची खिडकी, एक वॅटचे पॅनेल आणि जुने ई-रीडर

माझ्या सहा इंची ई-रीडरचे चार्जिंग पोर्ट गेल्या डिसेंबरात इतके सैल झाले, की केबल विशिष्ट कोनात धरून ठेवल्याशिवाय वीज आत जाईना. हमीची मुदत कधीच उलटून गेली होती आणि दुरुस्तीवाल्याने सांगितलेल्या खर्चात थोडी भर घातली असती तर दुसरे यंत्र आले असते. पडदा मात्र ठणठणीत होता आणि आतल्या ८९० मिलिअँपिअर-तासांच्या (हे बॅटरीत मावणाऱ्या विजेचे माप) बॅटरीचीही काही तक्रार नव्हती. म्हणून पोर्टला वळसा घालून, सौर पॅनेलची वीज थेट बॅटरीला देण्याची व्यवस्था घरीच करायचे ठरवले. त्यासाठी घेतलेल्या दोन वस्तूंचे, म्हणजे ६ व्होल्ट, १ वॅटच्या इपॉक्सी (वर पारदर्शक राळेचा थर असलेल्या) पॅनेलचे आणि टीपी४०५६ चिपच्या चार्जिंग मॉड्यूलचे (बॅटरीत जाणाऱ्या विजेवर ताबा ठेवणाऱ्या छोट्या पट्टीचे), अकरा महिन्यांच्या वापरानंतरचे हे परीक्षण आहे.

दोन्ही वस्तू मुंबईत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडवर मिळाल्या. पाट्यांवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेले असले तरी ग्रँट रोडला उतरून कोणी त्या नावाने रस्ता विचारत नाही. पॅनेलला १६० रुपये पडले आणि मॉड्यूलला २५. मॉड्यूल घेताना बॅटरी-संरक्षणाची चिप असलेलेच मागून घ्यावे, कारण बिनसंरक्षणाचेही त्याच डब्यात पडलेले असते. दुकानदाराने पॅनेल फुटपाथवरच्या उन्हात धरून मल्टिमीटर (व्होल्टेज आणि करंट मोजायचे यंत्र) लावू दिला, हे मला विशेष आवडले. भार न जोडता ६.९ व्होल्ट मिळाले. ही चिप ८ व्होल्टपर्यंतच सहन करते, त्यामुळे १२ व्होल्टचे मोठे पॅनेल घेण्याचा मोह येथे महागात पडला असता.

हा खटाटोप मुळात परवडतो तो ई-इंकच्या, म्हणजे ई-रीडरच्या कागदासारख्या पडद्याच्या, काटकसरीमुळे. असा पडदा पान बदलतानाच वीज खातो आणि पान स्थिर असताना जवळजवळ काहीच घेत नाही. वायफाय बंद ठेवून रोज दीड तास वाचले तर माझी बॅटरी तीन आठवडे पुरते, म्हणजे दिवसाला सुमारे ४० मिलिअँपिअर-तास खर्च होतात. जानेवारीत, खिडकीबाहेरच्या स्वच्छ उन्हात पॅनेल ११८ मिलिअँपिअर देत होते. त्या हिशेबाने दिवसाच्या वाचनाला वीस-पंचवीस मिनिटांचे ऊन पुरे. याच पॅनेलवर ५००० मिलिअँपिअर-तासांचा मोबाइल भरायचा म्हटले, तर चाळीस तासांहून अधिक कडक ऊन लागेल. एलजी डिस्प्लेने २००९ मध्येच सौरघट जडवलेले ई-पुस्तक दाखवले होते, तेव्हा ही कल्पना काही माझी नव्हे.

मॉड्यूलमध्ये एक बदल मात्र केलाच पाहिजे, आणि त्याबद्दल दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. त्यावर ‘१२२’ असा आकडा असलेला एक बारीक रेझिस्टर (करंटला अडवणारा भाग) असतो. तो १.२ किलोओहमचा असून त्याच्यामुळे मॉड्यूल १ अँपिअरपर्यंत करंट ओढू पाहते. इवल्याशा पॅनेलकडे एवढा करंट कुठून असणार? परिणामी पॅनेलचे व्होल्टेज कोसळते आणि दिवे लुकलुकत राहतात. त्याहून गंभीर बाब अशी, की पुढे कधी मोबाइलचा चार्जर लावला, तर ८९० मिलिअँपिअर-तासांच्या जुन्या बॅटरीत तिच्या कुवतीपेक्षा जास्त वेगाने वीज कोंबली जाईल. तो रेझिस्टर काढून १० किलोओहमचा बसवला, की मर्यादा १३० मिलिअँपिअरवर येते. काम चिमट्याचे आणि धीराचे आहे. माझा पहिला रेझिस्टर उडून फरशीच्या फटीत गेला, तो अजून तिथेच असावा.

ई-रीडरची मागची बाजू डिंकाने चिकटवलेली होती. ती उघडताना धातूची पट्टी वापरू नये, कारण बॅटरीच्या पिशवीला भोक पडले तर आग लागू शकते. मी जुने प्लास्टिकचे कार्ड वापरले, आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला आणि बॅटरीच्या पत्र्यांना हात न लावता फक्त तिच्या दोन मुख्य तारांवर सोल्डरिंग केले. अंधारात बॅटरीतला करंट उलटा पॅनेलकडे जाऊ नये म्हणून वेगळा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लागला नाही, ते काम चिप स्वतःच करते. एक उणीव राहिली: या वाटेने आलेल्या विजेची नोंद यंत्राकडे नीट होत नाही, त्यामुळे पडद्यावरची टक्केवारी बराच काळ खोटे बोलते. मॉड्यूलवरचा निळा दिवा बॅटरी भरल्याची खूण असला, तरी ढगाळ दिवशी त्यावरही विसंबू नये. मी मल्टिमीटर लावून ४.२ व्होल्ट झाले का, तेवढे पाहतो.

पॅनेलची खरी परीक्षा परळच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीने घेतली. या पॅनेलमध्ये बारा घट एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे एकाच घटावर सावली पडली तरी साऱ्यांचा करंट आवळला जातो. ग्रिलच्या एका गजाची सावली पडताच ११८ चे ५० झाले. रंगीत काचेमागे ४० च्या वर आकडा गेला नाही. शेवटी पॅनेल ग्रिलच्या बाहेरच्या अंगाला, खाली कोणाच्या डोक्यावर पडू नये म्हणून दोन तारांनी बांधून लावले. ई-रीडर मात्र मीटरभर तारेच्या टोकाला, आत सावलीत राहतो. एप्रिलमध्ये पॅनेलच्या पाठीला बोट टेकवत नव्हते आणि लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, म्हणून कव्हरवरच पॅनेल चिकटवण्याचा देखणा बेत मी सोडून दिला.

दक्षिणेच्या खिडकीला थंडीत भरपूर ऊन मिळते, कारण डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंशांवर असतो. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या मध्याला तो थेट डोक्यावर येतो, पुढे जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारी उत्तरेकडे झुकलेला राहतो आणि खिडकी छज्जाच्या सावलीत बुडते. त्यामुळे सगळे शहर उन्हाने हैराण असताना माझे पॅनेल उपाशी होते. मेमध्ये ते गच्चीवर न्यावे लागले. पाऊस सुरू झाल्यावर करंट १५ मिलिअँपिअरवर आला. खाऱ्या, दमट हवेने तारांच्या जोडांवर हिरवट थर चढला; तो खरवडून वर घरातल्याच नेलपॉलिशचा हात दिला, ते अद्याप टिकले आहे. इपॉक्सी किंचित पिवळी पडली आहे.

पॅनेलला मी पाचपैकी तीन गुण देईन आणि मॉड्यूलला साडेचार. जुलैच्या दोन आठवड्यांत ऊन दिसलेच नाही, तेव्हा पॅनेलची तार सोडवून मॉड्यूलच्याच यूएसबी सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावला आणि रात्रभरात बॅटरी भरली. सैल पोर्टचे दुखणे खरे तर त्या २५ रुपयांतच मिटले होते. पॅनेल ही हौस होती, आणि ऑक्टोबरचे ऊन खिडकीत उतरल्यावर मी ते पुन्हा जोडले आहे.