अडकलेला बीबी काढायचा कसा? तेल, पाइप, व्हाइस, उष्णता की हॅक्सॉ

बीबी, म्हणजे बॉटम ब्रॅकेट: सायकलच्या फ्रेमच्या तळाशी असलेला, पेडलचे दांडे (क्रँक) ज्यावर फिरतात तो बेअरिंगचा भाग. तो खरंच काढायची गरज आहे का, हे आधी बघा. चेन चेनव्हीलवरून उतरवा, एक हात सीटवर ठेवा आणि दुसऱ्या हाताने क्रँक सावकाश फिरवा. आतली खरखर सीटवरच्या हाताला जाणवते. क्रँक आडवा हलवल्यावर दोन्ही बाजूंना सारखाच प्ले (ढिलेपणा) लागला, तर बीबी गेला. एकच क्रँक हलत असेल तर दोष बहुधा त्या क्रँकच्या बोल्टचा असतो. छान फिरणारा बीबी नुसता जुना झाला म्हणून काढायला जाऊ नका.

दुसरी गोष्ट दिशेची. बीबीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी आट्यांची कडी म्हणजे कप; उलट्या बाजूने जोर लावून आणखी आवळलेले कप मी बरेच पाहिलेत. शेलची, म्हणजे बीबी ज्यात बसतो त्या फ्रेमच्या आडव्या नळीची, रुंदी मोजा. ६८ किंवा ७३ मिमी असेल तर आटे बहुतेक ब्रिटिश पद्धतीचे. त्यात उजव्या, म्हणजे चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात, त्यामुळे तो कप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून सुटतो आणि डावा कप नेहमीसारखा विरुद्ध दिशेने. ७० मिमी असेल तर शेल इटालियन, तिथे दोन्ही कप विरुद्ध दिशेनेच सुटतात. कपावर खूण असली तर रुंदीपेक्षा तिच्यावर विश्वास ठेवा.

आता पर्याय. तेल सगळ्यांत स्वस्त आणि बिनधोक, पण बहुतेक जण ते चुकीच्या जागी घालतात. बाहेरून कपाच्या कडेला फवारलेलं तेल आट्यांपर्यंत फारसं पोचत नाही. मित्राची स्टीलची टुरिंग सायकल अलिबागहून माझ्याकडे आली होती, चार पावसाळे आणि समुद्राची खारी हवा खाल्लेली. सीटपोस्ट काढून फ्रेम उलटी केली तर सीट ट्यूबमधून तांबडं पाणी ओघळलं. तेच पाणी वर्षानुवर्षं शेलमध्ये साचत होतं. डावा कप निघाला, उजवा जागचा हलेना. मग फ्रेम उजव्या कुशीवर आडवी ठेवली आणि डाव्या तोंडातून कार्ट्रिजच्या (बेअरिंगच्या बंद नळकांड्याच्या) भोवती तेल सोडलं. ते खाली उजव्या कपाच्या आट्यांवर साचून राहिलं. दोन रात्री तसंच ठेवलं. घाई नसेल तर प्रत्येकाने इथूनच सुरुवात करावी. मात्र नुसत्या तेलाने काम होईल असं धरून चालू नका, पुढे जोर लागतोच.

जोर दोन प्रकारे लावता येतो. पाना आणि त्यावर पाइप, हा पहिला. २५ सेंमीच्या पान्याच्या टोकाला २५ किलोचा जोर दिला तर सुमारे ६० न्यूटन-मीटर पीळ बसतो, म्हणजे साधारण बसवतानाच घातलेला. मीटरभर पाइप घातला की तोच जोर चौपट काम करतो. अडचण अशी की एका बाजूने ओढल्यावर टूल (कपाच्या खाचांत बसणारा, पान्याने फिरवायचा तुकडा) तिरकं होतं, खाचांतून सटकतं आणि खाचा खातं. खाचा एकदा गोल झाल्या की सोपे मार्ग संपले. म्हणून टूल आधी जखडून घ्या. चौकोनी टोकाच्या ॲक्सलमध्ये (दोन्ही क्रँक जोडणाऱ्या दांड्यात) बहुधा ८ मिमीचा बोल्ट बसतो. जाड वॉशर लावून त्या बोल्टने टूल कपावर दाबून धरा. डावा कप असेल तर तो जरासा सुटताच बोल्ट सैल करायला विसरू नका.

माझी पसंती मात्र व्हाइसला, म्हणजे टेबलावर बसवलेल्या शिकंज्याला. पक्क्या टेबलावरची व्हाइस हवी, बसकं टेबल असेल तर ते टेबलच फिरतं. टूल वरच्यासारखंच बोल्टने जखडायचं, त्याची षटकोनी बाजू व्हाइसमध्ये उभी आवळायची आणि फ्रेमच फिरवायची. एकाने हेड ट्यूब धरायची, दुसऱ्याने मागचं टोक. दोन्हीकडून सारखा जोर आला की टूल तिरकं होत नाही, आणि पाइपपेक्षा व्हाइस इथेच सरस ठरते. ब्रिटिश आट्यांचा उजवा कप खाली असेल तर वरून बघताना फ्रेम घड्याळाच्या दिशेने फिरवा. अलिबागच्या सायकलने पहिल्या दोन प्रयत्नांना दाद दिली नाही. तिसऱ्याला ‘टक्’ असा आवाज आला. क्षणभर वाटलं फ्रेम तडकली. ते गंज सुटणं होतं.

उष्णता द्यायची की नाही, हे धातूंची जोडी ठरवते. तेवढ्याच तापमानाला ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. फ्रेम ॲल्युमिनियमची आणि कप पोलादी असेल तर शेल तापवणं फायद्याचं. ७० अंश वाढले की भोक कपापेक्षा सुमारे ०.०३ मिमी जास्त मोठं होतं, आणि पकड सुटायला तेवढं पुष्कळ होतं. शेलवर फडकं गुंडाळून उकळतं पाणी ओता, किंवा हीट गन वापरा. तेल पुसल्याशिवाय आगीची ज्योत जवळ नेऊ नका. पोलादी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा कप असेल तर तापल्यावर कपच जास्त फुगतो, तिथे आधी बर्फ लावून बघा. कार्बन फ्रेमला उष्णता अजिबात नाही, ती थेट चांगल्या दुकानात न्या.

जुन्या रोडस्टरच्या (साध्या, जड सायकलच्या) सुट्या छऱ्यांच्या बीबीत उजवा कप पातळ असतो आणि पाना त्यावर टिकत नाही. त्यासाठी एक जुनी युक्ती आहे. कपाच्या भोकातून जाड बोल्ट आतून घाला, दोन्हीकडे वॉशर लावा आणि बाहेरून नट आवळत जा. नट पुरता घट्ट झाला की कपच सोबत फिरू लागतो, आणि उलट्या आट्यांमुळे तीच सुटण्याची दिशा असते. इटालियन कपावर हे करू नका, तो आणखी आवळेल.

हॅक्सॉ (धातू कापायची करवत) शेवटचा, खाचा गेल्या असतील तरच. ब्लेडच्या एका टोकाला कापड गुंडाळून आतून कपाला दोन चिरा द्यायच्या, शेलचे आटे दिसण्याच्या जरा आधी थांबायचं आणि छिन्नीने तुकडा आत पाडायचा. काही जण ॲल्युमिनियमचा कप कॉस्टिक सोड्याने विरघळवतात. घरी ते करू नये. त्वचा-डोळे जळतात, हायड्रोजन निघतो, आणि फ्रेमही ॲल्युमिनियमची असेल तर तीसुद्धा जाते.

व्हाइस नसेल, किंवा दोन दिवस तेल घालूनही कप हलत नसेल, तर खाचा शाबूत असतानाच दुकान गाठा. आत जाण्याआधी एवढं विचारा: आटे साफ करायचे डावे-उजवे दोन्ही टॅप आहेत का?