हेडलाइटचा ‘ऑटो’ खटका: जपान, युरोप, अमेरिका-कॅनडा आणि आपल्याकडचा

अंधारात गाडी धावत असताना ड्रायव्हरला हेडलाइट बंद करताच येऊ नयेत, असा जपानच्या नव्या गाड्यांमधल्या ऑटो खटक्याचा, म्हणजे उजेड कमी होताच दिवे आपोआप लावणाऱ्या खटक्याचा, आग्रह आहे. म्हणूनच या तुलनेत पहिला क्रमांक त्याचा. आपल्याकडचा खटका शेवटचा. त्याचं यंत्र वाईट आहे म्हणून नाही, तर तो वापरायचा की नाही हे सर्वस्वी ड्रायव्हरच्या लक्षात राहण्यावर सोडलेलं आहे म्हणून.

जपानमध्ये नव्याने बाजारात येणाऱ्या प्रवासी गाड्यांना एप्रिल २०२० पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना ऑक्टोबर २०२१ पासून ऑटो हेडलाइट सक्तीची झाली. नियमात आकडे नेमके आहेत. बाहेरचा उजेड १,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचं एकक) खाली गेला की २ सेकंदांत लो बीम, म्हणजे हेडलाइटचा खाली झुकलेला झोत, लागला पाहिजे. उजेड ७,००० लक्सच्या वर गेला की ५ ते ३०० सेकंदांच्या आत तो बंद व्हावा. मधल्या पट्ट्यात काय करायचं ते कंपनीने ठरवावं. हेच आकडे संयुक्त राष्ट्रांच्या ४८ क्रमांकाच्या वाहन-नियमात आहेत, म्हणजे युरोपातही. पण जपानने त्याला जोड दिली ती ‘चालत्या गाडीत हाताने रद्द करता येणार नाही’ या अटीची. त्यामुळे स्टिअरिंगजवळच्या दांडीवरचा खटका मुळातच ‘ऑटो’वर बसलेला असतो. बंदच्या बाजूला फिरवला तरी बोट सोडताच तो परत येतो. सिग्नलला किंवा पार्किंगमध्ये उभं असताना दिवे घालवता येतात, पण गाडी हलली की ते पुन्हा लागतात. संध्याकाळी नुसते पार्किंग लाइट लावून गाडी पुढे नेण्याची जपानमधली जुनी सवय या एका बदलाने यंत्रानेच मोडली.

१,००० लक्स म्हणजे किती, हे कळल्याशिवाय या आकड्यांची किंमत कळत नाही. भर दुपारचं ऊन १ लाख लक्सच्या आसपास असतं. ऑफिसातलं टेबल ३०० ते ५०० लक्स. निरभ्र संध्याकाळी सूर्य क्षितिजाला टेकतो तेव्हा जमिनीवर साधारण ४०० लक्स उरतात. म्हणजे १,००० वर बेतलेला खटका सूर्यास्ताच्या आधीच दिवे लावतो. आपल्याला ‘अजून तर दिसतंय’ वाटतं, पण समोरच्याला आपली करडी गाडी करड्या रस्त्यात विरघळायला लागलेली असते. दिवे लागायला हवेत ते याच वेळी.

२ सेकंदांचाही हिशेब करून पाहावा. ताशी १०० किलोमीटर वेगात २ सेकंदांत गाडी ५५ मीटर पुढे जाते. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर भाताणच्या बोगद्यात शिरताना तोंडापासून इतकं अंतर दिव्याविना जाऊ शकतं, आणि मागच्या ट्रकला नेमक्या त्याच पट्ट्यात तुमचे लाल दिवे दिसायला हवे असतात. चांगले सेन्सर म्हणून दोन दिशांना पाहतात: एक डोळा वर, आकाशाकडे, रुंद, दुसरा समोर, अरुंद, पुढे काळोखाचं तोंड येतंय का ते हेरणारा. काही सेन्सर दृश्य प्रकाशासोबत अवरक्त किरणंही मोजतात. उन्हात ती भरपूर असतात आणि एलईडी दिव्यांत जवळपास नसतात, त्यामुळे बोगद्यातला झगझगाट आणि खरा दिवस यांतला फरक त्यांना कळतो. अशा सेन्सरवर मोबाइलची टॉर्च मारून ‘दिवे विझतात का’ पाहणं फुकट आहे.

युरोपची ओळख म्हणजे डॅशबोर्डवरची गोल चकती. फोक्सवॅगनच्या गोल्फ या कारच्या पाचव्या ते सातव्या पिढीत तिचा क्रम बंद, ऑटो, पार्किंग, लो बीम असा. बाहेर एक टप्पा ओढली की पुढचे फॉग (धुक्यासाठीचे दिवे), दुसरा टप्पा ओढला की मागचा फॉग. हातमोजे घालूनही, न पाहताही वापरता येणारा हा खटका हाताळायला सर्वांत सुरेख होता. २०१९ च्या आठव्या गोल्फपासून त्या जागी सपाट टच-पट्टी आली. खड्ड्यांच्या रस्त्यावर बोट नेमकं टेकवायला त्यावर नजर न्यावी लागते, हा सरळसरळ तोटा आहे.

मागचा फॉग लाइट युरोपात सक्तीचा आहे, अमेरिकेत नाही. म्हणून अमेरिकेत विकल्या गेलेल्या जुन्या गोल्फ-जेटाच्या चकतीत तो दुसरा टप्पाच नसे, आणि तिथले हौशी लोक युरोपातली चकती मागवून बसवायचे. बसवणं सोपं: चकती ‘बंद’वर ठेवून आत दाबायची, किंचित उजवीकडे वळवायची आणि बाहेर ओढायची. मागे एकच प्लग असतो. पण नुसती चकती बदलून ऑटो सुरू होत नाही. काचेवर सेन्सर हवा, त्याची वायर बॉडी कंट्रोल युनिटपर्यंत (दिवे, वायपर वगैरे सांभाळणाऱ्या छोट्या संगणकापर्यंत) न्यावी लागते आणि त्या युनिटला कोडिंग करून, म्हणजे त्याच्या सेटिंग बदलून, सेन्सर असल्याचं सांगावं लागतं. सेन्सर नसताना चकती ऑटोवर ठेवली तर गाडी सहसा दिवे लावूनच ठेवते किंवा डॅशबोर्डवर चूक दाखवते.

युरोपातली उणीव डीआरएलची, म्हणजे डेटाइम रनिंग लाइटची. ७ फेब्रुवारी २०११ पासून नव्या प्रकारच्या कारना दिवसा जळणारे पुढचे दिवे सक्तीचे झाले. पण त्यांच्याबरोबर मागचे दिवे लागलेच पाहिजेत असं नियम म्हणत नाही. पावसात किंवा धुक्यात पुढून झगमगणारी गाडी मागून पूर्ण काळी असते. स्वीडनमध्ये १९७७ पासून दिवसाही दिवे लावून चालवण्याचा कायदा आहे, आणि फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत ‘स्कँडिनेव्हियन’ नावाची जोडणी मिळते, ज्यात डीआरएलबरोबर मागचे दिवेही लागतात. कोडिंग येणारा माणूस हाताशी असेल तर हा बदल जरूर करून घ्यावा.

अमेरिकेत केंद्राची ऑटोची सक्ती नाही, डीआरएलचीही नाही. मात्र कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सीसारख्या राज्यांत वायपर सतत चालू असेल तर हेडलाइट लावलेच पाहिजेत. याचा परिणाम खटक्यावर दिसतो. अनेक गाड्यांत ऑटोवर असताना वायपरने काही फेऱ्या मारल्या की दिवे आपोआप लागतात. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियाच्या बे एरियात भाड्याची गाडी घेणाऱ्यांनी एवढं पाहून घ्यावं: खटका ‘बंद’वर असेल तर ही जोडणी चालत नाही, आणि दंड ड्रायव्हरलाच होतो. जनरल मोटर्सच्या गाड्यांत ‘बंद’ला फिरवलेला खटका परत ऑटोवर उडी मारतो. ही पद्धत जपानच्या सर्वांत जवळची.

पण खरी हुशारी कॅनडाची. तिथे डीआरएल १९९० च्या मॉडेलपासूनच आहेत, आणि त्यातूनच नवा त्रास निघाला. पूर्वी हेडलाइट लावले नाहीत तर स्पीडोमीटर काळा राही, त्यामुळे चूक लगेच कळे. आता डॅशबोर्ड दिवसरात्र उजळलेला असतो, डीआरएलचा थोडा उजेड समोर पडतो, आणि ड्रायव्हरला दिवे चालूच आहेत असं वाटतं. मागे मात्र अंधार. अशा ‘भुताच्या गाड्यां’साठी १ सप्टेंबर २०२१ पासून बनणाऱ्या गाड्यांना तीन पर्याय दिले गेले: डीआरएलबरोबर मागचे दिवेही लावा, किंवा अंधार पडताच सगळे दिवे आपोआप लावा, किंवा दिवे लागेपर्यंत डॅशबोर्ड काळा ठेवा. तिसरा पर्याय जवळपास फुकटात होण्यासारखा आहे. आपल्या नियमकर्त्यांनी निदान तेवढा तरी उचलावा.

आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून दुचाकींना हेडलाइट कायम चालू ठेवण्याची सक्ती आहे, नव्या दुचाकीत खटकाच राहिलेला नाही. कारला मात्र तशी सक्ती नाही. ऑटो मिळतो तो बहुतेक वरच्या व्हेरिएंटमध्ये. मारुती, ह्युंदाई, होंडा, टोयोटाच्या गाड्यांत तो उजव्या हाताच्या दांडीवर, स्कोडा-फोक्सवॅगनमध्ये चकतीवर. आणि बहुतेकांत ‘बंद’ हा पक्का मुक्काम असतो. सर्व्हिस सेंटरमध्ये कोणी तिथे फिरवून ठेवला की गाडी तशीच घरी येते.

सेन्सरला झाकणाऱ्या गोष्टी इथल्या आहेत, म्हणून त्या मॅन्युअलमध्ये सापडत नाहीत. युरोपीय पद्धतीत सेन्सर काचेवर, आरशामागे असतो, आणि फास्टॅगही तिथेच चिकटवायला सांगतात. टोलवरच्या माणसाने तो सेन्सरच्या खिडकीवर लावला तर भर दुपारी हेडलाइट जळतात, आणि पावसाचा सेन्सरही तिथेच असेल तर वायपर वेड्यासारखे वागतात. टॅग आरशाच्या बाजूला, काळ्या ठिपक्यांच्या पट्ट्याखाली, मोकळ्या काचेवर लावावा. काच बदलली असेल तर सेन्सर आणि काच यांच्यामधली सिलिकॉनची चकती नवी टाकायला सांगावी. जुनी परत लावली की हवेचे बुडबुडे राहतात. काचेला वरच्या बाजूने गडद पट्टी लावली असेल तर तिची कड सेन्सरच्या वर थांबली आहे ना हेही पाहावं.

जपानी-कोरियन पद्धतीत सेन्सर म्हणजे डॅशबोर्डवर काचेजवळचं छोटं काळं टोपण. त्याच्यासमोर गणपतीची मूर्ती, वर मखमली मॅट किंवा पार्किंगची पावती आली की सेन्सरला कायमची संध्याकाळ होते. मूर्ती चार बोटं बाजूला सरकवली की काम होतं.

उलट चूक जास्त घातक. आंबोलीत किंवा माळशेजला जुलैत दिवसा दाट धुकं असतं. ते पांढरं असतं, उजेड पसरवतं, आणि सेन्सरला हजारो लक्स दाखवतं. सेन्सर उजेड मोजतो, दिसणं मोजत नाही. म्हणून धुक्यात कुठल्याही देशाचा ऑटो विश्वासाचा नाही. घाट सुरू होण्याआधीच खटका हाताने लो बीमवर न्यावा, फॉग त्यानंतर लावावेत. हाय बीम नको, समोर पांढरी भिंत उभी राहते.

गाडी घेताना शोरूममध्ये तपासायला पाच मिनिटं पुरतात. इग्निशन चालू करून खटका ऑटोवर ठेवा, सेन्सरवर जाड काळं कापड दाबा. दोन सेकंदांच्या आसपास दिवे लागायला हवेत. बोटाने झाकू नका, कडेने उजेड शिरतो. कापड काढल्यावर लगेच विझले नाहीत तर तो दोष नव्हे. पुलाखालून, झाडांच्या सावलीतून जाताना दिवे फडफडू नयेत म्हणून हा उशीर मुद्दाम ठेवलेला असतो. मग कापडाशिवाय, नुसते डीआरएल चालू असताना गाडीच्या मागे जाऊन उभे राहा. मागचे दिवे जळत नसतील तर पावसाळ्यात खटका हाताने लावायचा हे घरातल्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगावं लागेल. होंडाच्या ज्या मॉडेलमध्ये संवेदनशीलतेच्या पाच पायऱ्या आहेत, तिथे सर्वांत वरची निवडावी. दिवे थोडे लवकर लागतील, एवढंच.

बाहेरून ऑटोची किट बसवून घेणाऱ्यांना एक इशारा. स्वस्त किटमध्ये रिले (विजेवर चालणारा स्विच) फक्त लो बीमच्या वायरीवर मारलेली असते. पुढे लख्ख उजेड पडतो आणि मागचा लाल दिवा बंदच राहतो. गाडी ताब्यात घेण्याआधी सेन्सर झाकून मागचे दोन्ही दिवे, नंबरप्लेटचा दिवा आणि डॅशबोर्डचा उजेड हे चारही लागले का ते पाहा. एकही राहिला तर पार्किंग लाइटची वायरही रिलेवर घ्यायला लावा. आणि वायर कापून जोडण्याऐवजी कंपनीच्याच मापाचा प्लग असलेली किट मागा, नाहीतर वायरिंगची वॉरंटी नाकारली जाण्याची पाळी येते.