सात महिने, पाच लिटर इंधन आणि एक दळभद्री इग्नायटर: 1/10 नायट्रो गाडीचा अनुभव

पहिल्या महिन्यात रिमोटवर चालणाऱ्या या मॉडेल गाडीला (खऱ्याच्या एक दशांश आकाराची, इंधन मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनचं) दोन तारे दिले होते, ते आता साडेतीन करतोय. गाडी तीच, इंजिन तेच, कार्ब्युरेटरच्या सुयाही (इंधनाचं प्रमाण ठरवणारे स्क्रू) कारखान्यातून आल्या त्याच्या आसपासच. बदलला तो फक्त इग्नायटरमधला सेल.

1/10, फोर व्हील ड्राइव्ह, 18 चं (0.18 घन इंच) पुलस्टार्ट, म्हणजे दोरी ओढून चालू होणारं इंजिन, 75 सीसीची टाकी. बाकीचं डब्यावर छापलेलं आहे, ते परत लिहीत नाही.

आधी इग्नायटरबद्दल, कारण पुढची निम्मी रड तिथूनच सुरू होते. ग्लो प्लग म्हणजे इंजिनात इंधन पेटवणारा प्लग, आणि इग्नायटर म्हणजे चालू करताना त्याची वेटोळी तापवणारी सेलवरची दांडी. ही वेटोळी चालू करताना साधारण 3 अँपियर ओढते. डब्यातल्या इग्नायटरमध्ये पेन्सिल सेलच्या आकाराचा एक 1.2 व्होल्टचा सेल आणि त्याच्या बुडाशी एक पातळ स्प्रिंग. त्या स्प्रिंगमध्ये आणि टोकाच्या पकडीत मिळून दशांश ओहम जरी अडथळा असला तरी 3 अँपियरला 0.3 व्होल्ट तिथेच खर्च. प्लगपर्यंत पोचतात 0.9. मीटर लावून नुसता सेल मोजलात तर 1.25 दाखवतो आणि आपण कार्ब्युरेटरला शिव्या घालत बसतो.

तपासायचं असेल तर प्लग इंजिनातून काढा (8 मिमीचा पाना, तांब्याचा वायसर हरवू नका), इग्नायटरमध्ये अडकवा आणि सावलीत धरा. दोन सेकंदांत वेटोळी सगळीकडे सारखी, लख्ख नारिंगी दिसली पाहिजे. विझत्या उदबत्तीसारखी मंद लाल दिसली तर दोरीला हातही लावू नका. प्लग बोटात धरू नका, पक्कडीत धरा.

उपाय स्वस्त आहे. 1800 एमएएचचा, पत्रे जोडलेला सब-सी (पेन्सिल सेलपेक्षा जाड) सेल आणा, जाड तारेने थेट सोल्डर करा, स्प्रिंग फेकून द्या. 3 अँपियरने 1800 एमएएच म्हणजे कागदावर 36 मिनिटं. दर स्टार्टला 20 सेकंद धरली तर शंभरावर स्टार्ट. सेल उतरत जातो म्हणून निम्मे धरा, तरी पन्नास. चार्ज करायचा 180 मिलिअँपियरने 14 तास. डब्यातला चार्जर आपोआप बंद होत नाही, तेव्हा घड्याळ आपणच बघायचं. आणि एक सेल कमी पडतो म्हणून कुणी 3.7 व्होल्टचा लिथियम सेल लावायला सांगेल, त्याचं ऐकू नका. वेटोळी क्षणात जळते आणि नवा प्लग आणावा लागतो.

आता चालू करण्याची पद्धत, जी पुस्तिकेत चार चित्रांत उरकली आहे.

गाडी स्टँडवर, चाकं अधांतरी. आधी रिमोट चालू, मग गाडीतला रिसीव्हर. बंद करताना उलटं. फेलसेफ (सिग्नल तुटला की गाडी थांबवणारी सोय) दर वेळी तपासा: इंजिन बंद असतानाच रिमोट बंद करून बघा, थ्रॉटलचा सर्व्हो (थ्रॉटल आणि ब्रेक हलवणारी छोटी मोटर) ब्रेककडे गेला पाहिजे. जिथे होता तिथेच थांबला तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही. एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरमध्ये डोकावा: थ्रॉटल सोडलेला असताना फट साधारण 1 मिमी. मग टाकी भरा, झाकणाचं रबर नीट बसलंय ना ते बघा. सायलेन्सरच्या तोंडावर बोट ठेवून दोरी हळू ओढा, दोन-तीनदा. पारदर्शक नळीतून इंधन कार्ब्युरेटरला टेकताना दिसतं. टेकलं की बोट काढायचं. इथे बहुतेक जण आणखी चार वेळा ओढतात आणि इंजिन बुडवतात, म्हणजे आत नको तितकं इंधन भरतात.

इग्नायटर लावा. दोरी एक वीत-दीड वीत, झटक्यात, चार-पाच वेळा. हात लांब करून शेवटपर्यंत ओढायची नाही. इंजिन धरलं की इग्नायटर लगेच काढू नका, आयडल (थ्रॉटल सोडल्यावरची चाल) स्थिर होईपर्यंत 10–15 सेकंद राहू द्या. आणि चाकं वर असताना फुल थ्रॉटल देऊ नका. भाराशिवाय फिरणारं इंजिन कनेक्टिंग रॉड मोडून घेतं.

दोरी मधेच अडकली तर जोर लावायचा नाही. प्लग काढा आणि परत ओढा. आता मोकळी फिरली तर आत इंधन साचलंय: गाडी उलटी करा, प्लगच्या भोकावर फडकं धरा, पाच-सहा वेळा ओढून सगळं बाहेर काढा. फडकं धरलं नाहीत तर डोळ्यांत जातं, आणि ते मिथेनॉल आहे. प्लग काढूनही पिस्टन वर येताना अडकतोय, किंचित किंचाळतोय, तर तो नव्या इंजिनचा घट्टपणा. स्लीव्ह (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) वरच्या बाजूला निमुळता असतो आणि तापल्यावर फुगून जागा करतो. हेअर ड्रायरने इंजिनचं डोकं हाताला चटका बसेपर्यंत तापवा, मग ओढा. थंड इंजिन ताकदीने फिरवणं म्हणजे पिस्टनची धार घासून टाकणं.

अपडेट, तिसरा महिना. पहिल्या परीक्षणात लिहिलं होतं की कार्ब्युरेटर टुकार आहे, सेटिंग टिकत नाही. ते मागे घेतो. मंद प्लगवर इंजिन पेट घेत नव्हतं, म्हणून परत परत इंधन ओढलं जायचं, म्हणून इंजिन बुडायचं, म्हणून इंधन कमी करायला सुई आत फिरवली जायची. आणि मग चुकून चालू झालंच की मिश्रण इतकं पातळ (इंधन कमी, हवा जास्त), की दोन फेऱ्यांत तापून बंद. कार्ब्युरेटरचा यात काही दोष नव्हता. सुई एका वेळी घड्याळाच्या तबकडीवरच्या एका तासाइतकीच फिरवा, मग गाडी अर्धा मिनिट पळवा, मग ठरवा. थंडीत सकाळी नाशिकला हवा दाट असते, तिथे हाय स्पीड (पूर्ण वेगाची) सुई तेवढीच एक तास उघडावी लागते; दुपारी ऊन चढलं की परत मिटायची. पुण्याहून घाट उतरून कोकणात गेलात तर तेवढ्याच तापमानाला किनाऱ्यावरची हवा दाट, म्हणजे तिथेही आधी उघडूनच सुरुवात.

बरोबर आहे की नाही ते धूर सांगतो. पूर्ण वेगातही मागे निळसर रेघ दिसली पाहिजे. थर्मामीटर नसेल तर इंजिनच्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाका: तीन ते पाच सेकंदांत आटला तर ठीक, टाकल्या टाकल्या चुर्र करून उडाला तर सुई उघडा. थर्मामीटर असेल तर प्लगच्या बुडाशी 100 ते 115 अंश सेल्सियस. लो स्पीड (कमी वेगाच्या) सुईसाठी आयडलवर इंधनाची नळी चिमटीत दाबा. दोन-तीन सेकंदांत आवाज किंचित चढून इंजिन बंद पडलं पाहिजे. लगेच मेलं तर पातळ, बराच वेळ चढत राहिलं तर जाड (इंधन जास्त). सुया काही केल्या जमत नसतील तर सायलेन्सरकडून टाकीला जाणारी दाबाची नळी बघा. ती निसटलेली असते, किंवा तिला न दिसणारं भोक असतं.

इंधनाचा हिशोब करूनच गाडी घ्या. 75 सीसीची टाकी आठ-दहा मिनिटं चालते, म्हणजे लिटरमध्ये तेरा टाक्या, सलग चालवलं तर जेमतेम दोन तास. त्यातल्या पहिल्या पाच-सहा टाक्या ब्रेक-इनला (नवं इंजिन हळूहळू रुळवायला), म्हणजे अर्ध्या लिटरच्या आसपास नुसता धूर. पण तिथे काटकसर करू नका. जाड मिश्रण, अर्ध्यापेक्षा कमी थ्रॉटल, प्रत्येक टाकीनंतर पूर्ण थंड. थंड होताना पिस्टन खाली असावा, नाहीतर स्लीव्ह आकसून त्याला धरतो. त्यासाठी पिस्टन खाली असताना फ्लायव्हीलवर व्हाइटनरचा ठिपका देऊन ठेवायचा, नंतर शोधावं लागत नाही.

बाटलीचं झाकण पावसाळ्यात उघडं राहिलं तर ते इंधन गेलं. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि मग इग्नायटर काढला की इंजिन मरतं, प्लग कितीही चांगला असो. आणि रंगाने ते हुबेहूब कोकम सरबत दिसतं. पाण्याच्या बाटलीत भरू नका, फ्रिजजवळ तर नाहीच. त्याची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही, म्हणून टाकी भरताना गरम सायलेन्सरवर सांडलं तर आधी लांब व्हा.

दिवस संपल्यावर टाकी रिकामी करा, इंजिन चालू करून उरलंसुरलं जाळून टाका. मग प्लगच्या भोकात आणि कार्ब्युरेटरमध्ये तीन-चार थेंब आफ्टर-रन तेल (गंज टाळणारं), प्लगच्या भोकावर फडकं, दोरी दहा वेळा. हे चुकवलं की आठवड्यात बेअरिंगवर गंज. इंजिन बंद करताना सायलेन्सरचं तोंड जाड फडक्याने दाबा. नळी चिमटून बंद करायची सवय लावू नका, शेवटच्या क्षणी मिश्रण पातळ होऊन इंजिन विनाकारण तापतं.

अपडेट, सहावा महिना. दोरी तुटली. अचानक तुटली असं म्हणता येत नाही: पहिल्या महिन्यात बुडालेल्या इंजिनवर जे हिसके बसले, तेव्हाच ती आतून झिजली होती. म्हणजे हाही इग्नायटरचाच प्रताप. बदलताना झाकणाचे चार स्क्रू काढलेत की स्प्रिंग उडून मोकळी होते, तेव्हा हातमोजे घाला आणि चकती अंगठ्याने दाबून ठेवा. नवी दोरी ओवायच्या आधी वन-वे बेअरिंग (एकाच दिशेला पकडणारं, दोरीची ओढ क्रँकला देणारं) मिथेनॉलने धुवा. त्यात तेल असलं की दोरी फिरते आणि क्रँक जागेवर राहतो. ग्रीस तर अजिबात लावू नका. अनेकांचं पुलस्टार्टर तेवढ्यासाठी बाद ठरतं.

बाकी गाडी मजबूत आहे. शॉक गळत नाहीत, गिअर शाबूत आहेत, क्लच शू पाच लिटरनंतरही अर्ध्याच्या वर शिल्लक. रबर टायर चिकटवलेले आहेत ते मात्र आधी कडेने बघून घ्या, एका चाकाला गोंद अर्धाच होता. सायलेन्सरचे आणि इंजिन माउंटचे स्क्रू पहिल्या टाकीनंतर हमखास ढिले होतात. काढून निळं लॉकटाइट (स्क्रू ढिले होऊ न देणारा गोंद) लावून परत बसवा. लाल नको, परत निघणार नाहीत.

विक्रेत्याशी तीन आठवडे पत्रव्यवहार चालला. प्लग, दोरी, क्लच वॉरंटीत नाहीत, हे समजू शकतो. इग्नायटर मात्र वॉरंटीत निघाला. जुना पाठवला, कुरिअरचा खर्च आपला, आणि बदली नवाकोरा आला. उघडून पाहिला. आत तीच स्प्रिंग आहे.