रॉयल डॉर्नॉख की ब्रोरा : सदरलँडच्या किनाऱ्यावर एकच फेरी खेळायची असेल तर

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, सदरलँड परगण्यात, इन्व्हर्नेस शहराहून मोटारीने साधारण तासाभराच्या अंतरावर, रॉयल डॉर्नॉखचा गोल्फ कोर्स आहे आणि तिथून आणखी अर्ध्या तासावर ब्रोराचा. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधल्या वाळूच्या, आखूड गवताच्या पट्ट्यावर वसलेले हे दोन्ही कोर्स जुन्या वळणाचे लिंक्स, म्हणजे किनाऱ्यावरचे गोल्फ कोर्स, आहेत. दोन्ही ठिकाणी खेळ आधी किनाऱ्याने ईशान्येकडे जातो आणि मग परत फिरतो. मुला-मुलीकडे लंडन किंवा एडिंबराला आलेल्या पुण्या-मुंबईच्या गोल्फपटूने उत्तरेकडे दोन दिवस काढले, तर त्याला बहुधा यांपैकी एकच कोर्स निवडावा लागतो. डॉर्नॉखचे नाव जगभर गाजलेले असल्यामुळे ही निवड विचार न करताच केली जाते, आणि तेवढ्यासाठीच हा आढावा. दोघांच्या मधला गोल्स्पीचा कोर्सही सुंदर आहे, पण निर्णयाचा घोळ वाढू नये म्हणून तो इथे बाजूला ठेवले आहे.

इतिहासाच्या बाबतीत डॉर्नॉखशी बरोबरी करणे अवघड आहे. सदरलँडचा अल्पवयीन अर्ल (सरदार) डॉर्नॉखला शिकत असताना त्याच्यासाठी धनुष्यबाणांबरोबर गोल्फच्या काठ्या आणि चेंडूही घेतल्याची नोंद १६१६ सालच्या हिशेबात सापडते, आणि १६३० मध्ये सर रॉबर्ट गॉर्डन यांनी इथली मैदाने माँट्रोझ आणि सेंट अँड्र्यूजच्या मैदानांपेक्षाही सरस असल्याचे लिहून ठेवले आहे. आजचा क्लब मात्र १८७७ सालचा. पुढे जॉन सदरलँड हे सचिव झाले आणि अर्धशतकाहून अधिक काळ त्यांनी क्लबचा कारभार पाहिला. त्यांच्याच पुढाकाराने १८८६ मध्ये सेंट अँड्र्यूजहून नामांकित गोल्फपटू आणि कोर्सचे आखणीकार ओल्ड टॉम मॉरिस यांना बोलावण्यात आले आणि कोर्सला पद्धतशीर आखणी मिळाली. जवळच्या स्किबो किल्ल्यात राहायला आलेले उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी क्लबला ढाल दिली, आणि तिच्यासाठीची स्पर्धा आजही खेळली जाते. १९०६ मध्ये ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. दुसऱ्या महायुद्धात काही जमीन विमानांच्या धावपट्टीसाठी गेल्यावर, १९२० ची ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकणारे जॉर्ज डंकन यांनी कोर्सच्या दूरच्या टोकाकडे नवे होल (टीपासून भोकापर्यंतचे खेळाचे टप्पे) आखून दिले. म्हणजे आज आपण खेळतो तो कोर्स सगळाच्या सगळा ओल्ड टॉम यांचा नाही, हे जाहिरातींच्या भाषेत सहसा विसरले जाते.

डॉर्नॉखचा सर्वांत मोठा वारसा मात्र गावाबाहेर पोहोचला. १८७२ साली इथे जन्मलेले डॉनल्ड रॉस आधी सुतारकाम शिकले, मग सेंट अँड्र्यूजला ओल्ड टॉम यांच्या हाताखाली राहून गावी परतले आणि १८९९ मध्ये अमेरिकेला गेले. तिथे त्यांच्या नावावर शेकडो कोर्स आहेत. त्यांच्या पाइनहर्स्ट क्रमांक २ या कोर्सवरचे उंचवट्यावरचे, कडांनी चेंडू बाहेर ढकलणारे ग्रीन (भोकाभोवतीचे बारीक गवताचे तुकडे) ज्यांनी दूरदर्शनवर पाहिले आहेत, त्यांना डॉर्नॉखच्या दुसऱ्या होलवर उभे राहताच त्या कल्पनेचे मूळ दिसते.

ब्रोराची कथा आटोपशीर आहे आणि तीच त्याची शोभा आहे. क्लबची स्थापना १८९१ ची. पाच वेळा ओपन स्पर्धा जिंकणारे जेम्स ब्रेड १९२३ च्या अखेरीस इथे आले, जमीन पाहून त्यांनी नवी आखणी दिली, आणि ती आजवर फारशी बदललेली नाही. ब्रेड यांच्या हातचे काम किती शिल्लक आहे हे शोधत फिरणाऱ्यांना इतर अनेक ठिकाणी निराश व्हावे लागते, ब्रोराला मात्र ते अठराही होलवर समोर असते. त्यांच्या नावाच्या गोल्फिंग सोसायटीनेही आपले घर म्हणून ब्रोरालाच निवडले आहे.

प्रत्यक्ष खेळात दोघांमधला फरक ग्रीनपाशी सुरू होतो. डॉर्नॉखचे पहिले दोन होल काहीसे बंदिस्त वाटतात. तिसऱ्याच्या टीवर (जिथून पहिला फटका मारतात तिथे) मात्र समुद्र, वाळू आणि डावीकडची गॉर्सच्या काटेरी झुडपांनी भरलेली टेकडी एकदम उघडी पडते. मे महिन्यात ही झुडपे पिवळ्या फुलांनी इतकी पेटलेली असतात, की त्यांत हरवलेला चेंडू शोधण्याचा मोहसुद्धा आवरत नाही, तो आवरावा. मग कोर्स उंचावर चढतो, आठव्यावर पुन्हा खाली उतरतो आणि नवव्यापासून सोळाव्यापर्यंत पुळणीच्या कडेने परततो. टीवरून फेअरवे, म्हणजे ग्रीनपर्यंतचे कापलेल्या गवताचे पट्टे, पुरेसे रुंद वाटतात आणि खेळाडूला उगाच धीर येतो. खरी परीक्षा दुसऱ्या फटक्याची असते, कारण ग्रीन उंच ओट्यावर आहे आणि चेंडू जरा कमी पडला किंवा बाजूला गेला, तर तो उतारावरून घरंगळत पंधरा-वीस पावले खाली जातो. तिथून वेज या काठीने चेंडू छोटा उचलून टाकायचा (चिप करायची), की ग्रीनवर वापरायची पुटर ही काठी घेऊन चेंडू उताराला लावून वर ढकलायचा, हा प्रश्न फेरीत वारंवार पडतो. चौदाव्या ‘फॉक्सी’ या होलवर एकही बंकर (वाळूचा खड्डा) नाही. सुमारे ४४५ यार्डांचा हा पार चार, म्हणजे चार फटक्यांत पुरा व्हावा असा होल, केवळ नैसर्गिक उंचवटे आणि आडव्या ओट्यावरचे ग्रीन एवढ्याच्या जोरावर चांगल्या चांगल्यांना बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) देतो. माझ्या मते एकट्या या होलसाठी डॉर्नॉखला जाणे योग्य ठरेल.

ब्रोराला ग्रीन बहुतेक जमिनीच्या चालीने आहेत. चेंडू खालून, घरंगळत पाठवता येतो. मात्र फेअरवेच्या लहान लहान लाटा त्याला कुठे वळवतील हे दोन-चार होल खेळल्याशिवाय कळत नाही. लांबी डॉर्नॉखपेक्षा सुमारे पाचशे यार्डांनी कमी आहे, पण वारा हा हिशेब मोडून टाकतो. नैर्ऋत्येचा नेहमीचा वारा जाताना पाठीशी आणि येताना तोंडावर असतो, त्यामुळे पहिल्या नऊ होलांवर जमवलेली पुंजी परतीच्या वाटेवर खर्च होते. चारही पार तीन होल चार वेगळ्या दिशांना तोंड करून आहेत. त्यांतला नववा थेट समुद्राला लागून, तेरावा जेमतेम सव्वाशे यार्डांचा पण नागमोडी ओढ्याने छळणारा, आणि अठरावा क्लबहाउसच्या खिडक्यांसमोरचा, लांब आणि निर्दय.

ब्रोराचे आणखी एक वैशिष्ट्य आधीच सांगितलेले बरे. ही जमीन सामायिक चराईची असल्यामुळे इथे मेंढ्या आणि गुरे कोर्सवर चरत आली आहेत आणि ग्रीनभोवती विजेच्या तारेचे बुटके कुंपण असे. चराईवरून वादही झाले आहेत, त्यामुळे सध्याची व्यवस्था क्लबला विचारून घ्यावी आणि स्थानिक नियम स्कोअरकार्डावर वाचूनच टीवर जावे. काहींना हा प्रकार गबाळा वाटतो. गोल्फ मुळात अशाच जमिनीवर जन्मला, आणि मेंढ्यांनी राखलेले गवत हा त्या खेळाचा पहिला गालिचा होता, हे मान्य असणाऱ्याला तो वाटणार नाही.

ज्याचा हँडिकॅप (खेळाडूच्या कुवतीचा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) पंधराच्या आत आहे, ग्रीनभोवतीचा खेळ ज्याला आवडतो आणि दोन-तीन डबल बोगींनी ज्याचा दिवस बिघडत नाही, त्याने डॉर्नॉखच घ्यावे. चेंबूरच्या प्रेसिडेन्सीवर किंवा येरवड्याच्या पूना क्लबच्या कोर्सवर झाडांमधून उंच चेंडू मारून मऊ ग्रीनवर थांबवण्याची सवय असलेल्या, वीसच्या पुढच्या हँडिकॅपच्या खेळाडूने मात्र ब्रोरा निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे टणक जमिनीवरचा खेळ शिकता येतो, आणि डॉर्नॉखला त्याच खेळाची शिक्षा होते. कुलाब्याच्या यू. एस. क्लबवर समुद्राचा वारा अनुभवलेल्यांना वाऱ्याचे भय कमी वाटेल, परंतु चेंडूच्या उसळीचा अंदाज त्यांनाही नव्यानेच बांधावा लागेल.

खर्चाचा विचार केला तर डॉर्नॉखची फी ब्रोराहून बरीच जास्त आहे आणि उन्हाळ्यातल्या वेळा कित्येक महिने आधी भरतात. हँडिकॅपचा दाखलाही जवळ ठेवावा. आपल्याकडे बॅग उचलणारा कॅडी गृहीत असतो. डॉर्नॉखला तो आधी सांगून मिळू शकतो, ब्रोराला स्वतःची बॅग उचलण्याची किंवा ट्रॉली ओढण्याची तयारी हवी. मोटार चालवायची नसेल तर ब्रोरा सोयीचे, कारण इन्व्हर्नेसहून उत्तरेला जाणारी रेल्वे गावातच थांबते. डॉर्नॉखचा फाटा १९६० मध्ये बंद झाला आणि आता बसवर अवलंबून राहावे लागते. न खेळणारी मंडळी बरोबर असतील, तर तेराव्या शतकातले कॅथीड्रल आणि लांब पुळण यांमुळे डॉर्नॉखला त्यांचा दिवस बरा जाईल. जूनमध्ये मात्र रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा सकाळी डॉर्नॉख आणि संध्याकाळी ब्रोरा अशा दोन फेऱ्या पायांना झेपत असतील, तर वेळेची अडचण येणार नाही.