गावाकडं कायमचं राहायला यायचंय? वऱ्हाड आणि झाडीपट्टी, बारा महिन्यांच्या हवामानाची तुलना

नोकरी संपली, मुलं आपापल्या वाटेला लागली, आता विदर्भात गावाकडं घर बांधून राहू, असं म्हणणारी माणसं हल्ली बरीच भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तिकडं ऊन किती असतं?" माझं म्हणणं असं, की या प्रश्नावरून गाव निवडू नका. मे महिन्यात अकोला तापतं, अमरावती तापतं, चंद्रपूर-ब्रह्मपुरीही तापते. पारा सगळीकडं ४४-४५ पर्यंत जातो आणि एखाद्या वर्षी ४७ ला टेकतो. दोन गावांत अंतर पडतं ते दुसऱ्याच गोष्टींनी: मे महिन्यात नळ किती दिवसांनी येतो, ऑगस्टात गावाबाहेर पडता येतं का, आणि रात्री झोप लागते का.

माझं माहेर दर्यापूर तालुक्यातलं, सासर लाखांदूर तालुक्यातलं. एक गाव वऱ्हाडात, म्हणजे पश्चिम विदर्भात, पूर्णेच्या खोऱ्यात कपाशी-तुरीच्या काळ्या रानात, दुसरं झाडीपट्टीत, म्हणजे पूर्वेकडच्या भंडारा-गोंदिया-गडचिरोलीच्या पट्ट्यात, वैनगंगेच्या बाजूला धानाच्या बांध्यांत. दोन्हीकडचे सगळे ऋतू अंगावर काढलेत, म्हणून तुलना मुख्यतः या दोन मुलखांची करते. चिखलदरा आणि बुलढाण्याचा घाटमाथा यांबद्दलही सांगेन, कारण थंड हवेच्या ओढीनं लोक तिकडं जागा बघतात.

पाऊस: एकाच विदर्भात दुपटीचा फरक

अकोला-बुलढाण्याकडं वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. भंडारा-गोंदियात १२०० ते १४०० पर्यंत, आणि गडचिरोलीच्या काही भागांत त्याहूनही जास्त. याचं कारण नकाशात दिसतं. अरबी समुद्राकडून येणारे ढग सह्याद्रीवर बरेचसे रिकामे होतात. विदर्भाला मोठा आधार बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांचा. ते ओडिशा-छत्तीसगडमार्गे येतात, त्यामुळे गोंदिया-गडचिरोलीला आधी आणि भरपूर मिळतं, अकोल्यापर्यंत येईतो जोर ओसरलेला असतो.

वऱ्हाडात म्हणून पावसाची चिंता वेगळी. जूनच्या मध्यावर मान्सून पोचतो, मृगाच्या सरींवर पेरणी होते आणि मग जुलै-ऑगस्टात पंधरा-वीस दिवसांचा खंड पडतो. सोयाबीन फुलोऱ्यावर असताना असा खंड पडला तर सारं गाव आभाळाकडं बघत बसतं. मृग दगा देऊन गेला तर दुबार पेरणी. शेती करायचा विचार नसला तरी हे तुम्हाला लागू आहे, कारण पावसाळा कोरडा गेला की पुढच्या मार्चपासून गावाच्या विहिरी खरडायला लागतात.

पडतो तेव्हा मात्र वऱ्हाडातही तो एकदम कोसळतो. जुलै २०२३ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात महागावकडं एका रात्रीच्या पावसानं वस्तीला पाण्यानं वेढलं होतं. घर नाल्याकाठी असेल तर सरासरी कमी आहे, या आकड्यावर निर्धास्त राहू नका.

झाडीपट्टीत खंडापेक्षा झडीची सवय करावी लागते. झड लागली की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत तेच हवं असतं. पऱ्हे (धानाची रोपं) तयार, बांधीत पाणी साचलेलं, बायका कमरेत वाकून गाणी म्हणत रोवतात, आणि गावात त्या दिवसांत घरी कोणी सापडत नाही. पण बाहेरून आलेल्या माणसाला घरातला ओलावा जड जातो. उशांना वास येतो, गोदरीला बुरशी धरते, पापड-कुरड्यांचे डबे पुन्हा पुन्हा ऊन बघून उघडे ठेवावे लागतात. दम्याचा त्रास असलेल्यांनी हे हलक्यात घेऊ नये. माझ्या सासऱ्यांना दरवर्षी आषाढ-श्रावणात दम लागायचा आणि कोजागिरीपर्यंत मोकळा व्हायचा.

आणि पूर. वैनगंगेचा पूर गावावर पाऊस पडून येतोच असं नाही. ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशात वर पाऊस झाला, तिथल्या संजय सरोवर धरणाचं पाणी सुटलं, गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले आणि भंडाऱ्यापासून पवनी, लाखांदूर, ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोलीपर्यंत नदीकाठ पाण्याखाली गेला. आमच्याकडं त्या दिवशी ऊन पडलं होतं. धान पोटरीत होतं, तसंच्या तसं सडलं. भामरागडची तर दरवर्षीची गोष्ट आहे, पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटतो. झाडीत जागा घेताना २०२० चं पाणी कुठवर आलं होतं, हे शेजाऱ्याला विचारा. लोक भिंतीवरची खूण दाखवतात.

उन्हाळा आणि पाणी

दर्यापूरकडचा उन्हाळा कोरडा असतो. एप्रिल-मे मध्ये दुपारच्या हवेत आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते, झळा तोंडावर बसतात, ओठ फुटतात, घाम आला तरी जागीच वाळतो. कूलर अशाच हवेसाठी बनला आहे. पाण्याचं बाष्प होताना हवा गार होते आणि हवा जितकी कोरडी तितकं बाष्प जास्त. त्यामुळे ४५ अंशांच्या दुपारीही कूलरसमोर माणूस निवांत झोपतो. रात्री दहानंतर वारा सुटतो, गच्चीवर पाणी मारून गादी टाकली की पहाटे पांघरूण ओढावं लागतं.

पण कूलरला पाणी लागतं, मोठ्या कूलरला दिवसाला शंभर लिटरच्या पुढं, आणि इथंच खारपाणपट्टा आडवा येतो. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. जमीन कसदार दिसते, पण बोअर मारला की खारं पाणी लागतं. माहेरी बोअरचं पाणी कूलरमध्ये घातलं की महिनाभरात ताट्यांवर पांढरा थर चढायचा, गवत काडीसारखं कडक व्हायचं आणि मोटारीवर खापऱ्या धरायच्या. भाऊ ताट्या काढून अंगणात आपटायचा तेव्हा मिठासारखी भुकटी पडायची. तेच पाणी वर्षानुवर्षं पिणाऱ्या गावांमध्ये मूत्रपिंडाच्या आजारानं माणसं गेली आहेत. कितीतरी घरांत कर्ता माणूस डायलिसिसवर आहे, आणि तिथं "हवामान चांगलं आहे" असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आता शहानूर धरणाच्या पाइपलाइनचं गोडं पाणी बऱ्याच गावांना मिळतं, तरी मे महिन्यात नळाची पाळी लांबते. सकाळी बायका एकमेकींना चहापाण्याआधी विचारतात, "नळ आले काय व?"

खारपाणपट्ट्यात नातेवाईक असल्याशिवाय आणि गोड्या पाण्याची खात्री झाल्याशिवाय घर बांधू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मधुमेह किंवा रक्तदाब आधीच असेल तर नकोच. पट्ट्याबाहेरचं वऱ्हाड वेगळं आहे, पण पाणी तिथंही तपासून घ्या. वरूड-मोर्शीकडं संत्र्याच्या बागांनी भूजल फार खाली गेलं आहे, आणि यवतमाळच्या पांढरकवडा-झरी भागात काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड आहे. बोअरचं पाणी प्रयोगशाळेतून तपासून आणल्याशिवाय सौदा करू नका.

झाडीत पाऱ्याचा आकडा तोच असतो, अंगाला मात्र ते ऊन वेगळं लागतं. तलाव, नद्या, उन्हाळी धानाच्या पाणी भरलेल्या बांध्या आणि जंगल, यामुळे हवेत दमटपणा राहतो. सावलीत थोडं बरं वाटतं, पण कूलर तितकं काम करत नाही आणि रात्री घामानं अंग चिकट होतं. डासही आहेत. गडचिरोलीत हिवतापाचा प्रश्न आजही गंभीर आहे, मच्छरदाणीशिवाय झोपायचं नाही हा तिथला नियम पाळावाच लागतो.

त्या बदल्यात पाणी मिळतं. भंडारा-गोंदियातले मालगुजारी तलाव, ज्यांना आम्ही मामा तलाव म्हणतो, कोहळी समाजातल्या जाणत्यांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधले. उताराची माती, ओघाची दिशा बघून पाळी, म्हणजे बांध, घातल्या, एकाचं जास्तीचं पाणी दुसऱ्यात उतरवलं. जे तलाव गाळानं भरले नाहीत त्यांच्या खालच्या अंगाच्या विहिरी एप्रिलअखेरपर्यंत हात देतात. सासरच्या विहिरीला मे महिन्यात पोहरा घातला तरी पाणी लागायचं. माहेरी मात्र त्याच दिवसांत टँकरची वाट बघत असत. मला कोणी दोनपैकी एक उन्हाळा निवडायला सांगितला तर मी घामाचा निवडेन, कारण घामाला आंघोळ करता येते.

नवतपा दोन्हीकडं सारखाच. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत जातो आणि पुढचे नऊ दिवस म्हातारी माणसं अकरा ते पाच घराबाहेर पडत नाहीत. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, घरी आंबील आणि कैरीचं पन्हं. शहरातून आलेल्यांना हे जुनाट वाटतं. वाटलं तरी पाळा, ऊन लागून माणूस दोन तासांत जातो. तेंदूपत्त्याला जाणारे आणि वखरणी करणारे पहाटे चारला निघून नवाच्या आत परततात, तुमची बाजारहाटही त्याच वेळात करायची सवय लावा.

जूनमध्ये पहिल्या दोन-तीन पावसांनंतर मात्र सगळीकडं उकाडा होतो, आणि त्या दिवसांत कूलर वऱ्हाडातही नुसता दमट वारा फेकतो. माझ्या मते वर्षातले सर्वांत वाईट दिवस मेमधले नसून हे असतात.

घर कसं बांधाल, हेही हवाच ठरवते

काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हानं आक्रसते. मे महिन्यात शेतातल्या भेगांमध्ये कोपरापर्यंत हात जातो. अशा जमिनीवर पाया मुरूम लागेपर्यंत खोल नेला नाही तर दोन पावसाळ्यांत भिंतींना तिरप्या चिरा पडतात. वऱ्हाडात बांधकामाचं बजेट धरताना पायाला हात आखडता घेऊ नका. छत सिमेंटचं टाकलं तर वर चुन्याचा पांढरा हात द्या किंवा दुसरं छप्पर घाला, नाहीतर स्लॅब रात्री बारापर्यंत दिवसाचं ऊन खाली सोडत राहतो. झाडीत कवेलूचं, म्हणजे कौलांचं, घर हवेला सर्वांत चांगलं, पण दरवर्षी मेमध्ये कवेलू चाळावे लागतात आणि माकडं असतील तर दोनदा. वाळवीचाही विचार करा, लाकूड सागाचंच घ्या.

हिवाळा

इथं फार बोलायचं कारण नाही, हिवाळा दोन्हीकडं सुरेख असतो. दिवाळीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दिवसा कोवळं ऊन, रात्री शेकोटी. गोंदियाचा पारा पुष्कळदा विदर्भात सर्वांत खाली असतो, आठ-नऊ अंशांपर्यंत उतरतो. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंश नोंदले गेले, पण ते रोजचं नव्हे. वऱ्हाडात पहाटेची धुवारी (धुकं) तुरीचा फुलोरा गाळते, झाडीत तीच धुवारी तलावावर तरंगताना बघायला लोक लांबून येतात.

फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मात्र विसरू नका. २०१४ च्या गारपिटीत गहू, हरभरा आणि संत्रा डोळ्यांदेखत झोपला होता. टिनाच्या छपराखाली गार पडताना बोललेलं ऐकू येत नाही. आणि वीज. जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात विदर्भात वीज पडून शेतात माणसं दगावतात. फोनमध्ये विजेचा इशारा देणारं 'दामिनी' अॅप ठेवा आणि गडगडाट ऐकला की झाडाखालून निघा.

चिखलदरा आणि घाटावरचा बुलढाणा

चिखलदरा साधारण ११०० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात परतवाड्याहून घाट चढताना वाटेतच हवा बदलते. कॉफी पिकते ती इथंच. पण पावसाळ्यात महिनोन्‌महिने ढगांत राहायचं, कपडे वाळत नाहीत, घाटात दरड आली की रस्ता बंद, आणि मोठा दवाखाना खाली परतवाडा-अमरावतीला. एवढा पाऊस पडूनही मेळघाटातल्या अनेक गावांत उन्हाळ्यात टँकर लागतो, कारण उतार आणि कातळ पाणी धरून ठेवत नाहीत. तरण्या माणसांनी जरूर जावं. सत्तरीच्या जोडप्याला मी सांगणार नाही.

बुलढाण्याकडं लोक फारसे बघत नाहीत, याचं मला नवल वाटतं. त्या जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग सगळे मानतात. मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली, तापतात अकोल्यासारखेच. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. तिथं मेमध्ये अकोल्यापेक्षा चार-पाच अंश कमी असतात, रात्री वारा असतो, आणि चिखलदऱ्यासारखी ओल नसते. उणीव पाण्याची. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडं पाऊस कमी, म्हणून तिकडं सरकण्यापेक्षा मेहकर-चिखलीच्या आसपास, जवळ धरण असलेलं गाव बघा.

तेव्हा वय झालं असेल, शेती करायची नसेल, दम्याचा त्रास असेल तर घाटावरचा बुलढाणा. थोडी शेती, भाजीपाला, दोन गाई ठेवायच्या असतील आणि ओल सोसत असेल तर भंडारा-गोंदियातलं तलावाखालचं गाव, घर मात्र पूररेषेच्या वर. वऱ्हाडच्या काळ्या मातीचीच ओढ असेल तर खारपाणपट्टा सोडून, यवतमाळ किंवा वाशीमकडचं, धरणाच्या योजनेवरचं गाव.

जागा पसंत पडली तरी इसार देण्याआधी तिथं दोनदा राहून या, एकदा मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि एकदा ऑगस्टच्या शेवटी, पोळ्याच्या आसपास. पाहुणे म्हणून हिवाळ्यात जाल तर प्रत्येक गाव आवडेल.