एसी कुठल्या कंपनीचा यापेक्षा फ्लेअर कुणी मारली ते बघा: सोलापुरातले १६ महिने

वरच्या मजल्यावर जपानी कंपनीचा, खाली देशी. दोन्ही दीड टन, थ्री स्टार, इन्व्हर्टर, आर-३२ गॅस. मार्चमध्ये बसवले आणि एप्रिलअखेरीस वरच्याचा गारवा गेला. एजन्सीने २,८०० रुपये घेऊन गॅस भरला, नऊ आठवड्यांत तोही संपला. जपानी नावाचे जादा पैसे पाण्यात गेले, असं तेव्हा सगळ्यांना सांगत होतो. ते आता मागे घेतो. यंत्र चांगलं आहे. गळती आऊटडोअरच्या चार सूत (अर्धा इंच) नटाखाली होती.

नटात घट्ट बसावं म्हणून तांब्याच्या पाइपचं तोंड पसरवतात, ती फ्लेअर. इथे पाइप कापल्यावर आतली धारदार कड रीमरने (कड खरवडायच्या हत्याराने) न काढताच ती मारलेली. अशाने तोंड एकसारखं बसत नाही. मग गळती थांबावी म्हणून नट आवळत सुटतात, तांबं पातळ होतं आणि चिरतं. दोन सूत (पाव इंच) नटाला १६ न्यूटन-मीटरच्या आसपास जोर पुरतो, चार सूतला ५० च्या आसपास. टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) नसेल तर निदान साबणाच्या फेसाने जोड तपासल्याशिवाय टेप गुंडाळू देऊ नका. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं, त्यावर आपल्याकडची धूळ बसून काळा चिकट थर होतो. तो दिसला की गळती तिथेच. आऊटडोअरजवळ दोन सूत पाइपवर बर्फ धरला, तर गॅस कमी झालाय असं धरून चाला. गळती जोडात असते, म्हणून कॉम्प्रेसरच्या दहा वर्षांच्या वॉरंटीचा इथे काहीही उपयोग नाही.

व्हॅक्यूमवर, म्हणजे पाइपमधली हवा आणि ओल पंपाने खेचून काढण्यावर, मात्र अजिबात ऐकून घेऊ नका. यंत्रातलाच थोडा गॅस सोडून ‘हवा काढली’ म्हणतात, ते चूक आहे. ओल आत राहते, तेल ती शोषतं, पुढे आम्ल होऊन कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगवर (मोटरच्या तारांवर) येतं. शिवाय आर-३२ पेट घेऊ शकतो. पंप २० मिनिटं चालवायचा, बंद करून १० मिनिटं गेजचा काटा बघायचा. काटा हलला तर जोड गळतोय. हलला नाही तरच अ‍ॅलन कीने (षटकोनी पान्याने) आऊटडोअरचे व्हॉल्व्ह उघडायचे.

दुसऱ्या मेकॅनिकने फ्लेअर नव्याने मारली, पंप लावला आणि आऊटडोअरच्या पट्टीवर लिहिलेत तेवढे ग्रॅम गॅस वजनकाट्यावर मोजून भरला. त्याला वर्ष झालं. ४३ अंशांचा मे स्लॅबखालच्या खोलीत निभावला.

कंपन्यांमधला फरक त्यामानाने किरकोळ वाटतो. जपानीचा आवाज कमी, देशीचे पार्ट इथे लवकर मिळतात. टनाचा आकडा बाहेर ३५ अंश धरून काढलेला असतो, म्हणून माहितीपत्रकात ४३ आणि ४८ अंशांची क्षमता दिली असेल तर ती बघून घ्या. स्टारपेक्षा सोलापुरात तीच कामाची. वरच्या मजल्याला दीड टनाच्या खाली जाऊ नका.

आणखी एक. मेमध्ये इथली हवा इतकी कोरडी असते की ड्रेनमधून पाणी फारसं येतच नाही. उतार चुकलाय हे जूनमध्ये इनडोअरमधून भिंतीवर ओघळ आल्यावर कळतं, तोवर बसवणारा फोन उचलत नाही. म्हणून तो शिडीवर असतानाच जाळी काढून ट्रेमध्ये बाटलीभर पाणी ओतायला लावा, आणि ते सगळं बाहेर पडल्यावरच पैसे द्या.