रोजचा मेकअप काढायला काय वापरावं, माझा नऊ महिन्यांचा अनुभव (जळगाव)

मी जळगावला साड्यांच्या शोरूममध्ये काउंटरला आहे. सकाळी दहा ते रात्री नऊ ड्युटी, आणि मेकअप करूनच यायचं असा नियम. सनस्क्रीन, फाउंडेशन, काजळ, मस्कारा, मॅट लिपस्टिक, आठवड्यातून सहा दिवस. लावायचं कसं ते सगळे शिकवतात पण रात्री साडेनऊला पाय दुखत असताना काढायचं कसं ते कोणी सांगत नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय. मागच्या सप्टेंबरपासून एकेक प्रकार नीट संपेपर्यंत वापरलाय, दोन दिवस लावून लिहिलेलं नाही. माझी स्किन कपाळ-नाकावर तेलकट आणि गालावर कोरडी आहे, तुमची वेगळी असेल तर थोडा फरक पडेल.

सुरुवात घरातल्या खोबरेल तेलाने केली. काढायचं काम ते एकदम चोख करतं हे मान्यच करायला हवं. वॉटरप्रूफ काजळ, न निघणारी लिपस्टिक, सगळं मिनिटभरात विरघळतं, कारण या वस्तूंमध्ये मेण, तेल, सिलिकॉन असतं आणि त्याला तेलच उतरवतं, पाणी नाही. अडचण पुढे आहे. तेल नुसत्या पाण्याने निघत नाही, मग मी टॉवेलने पुसायचे, मग दोनदा फेसवॉश, आणि तरी उशीच्या खोळीला तेलाचा वास यायचा. महिनाभरात कपाळावर आणि हनुवटीच्या कडेने बारीक पुळ्या आल्या. स्किनच्या डॉक्टरांनी तेल बंद करायला सांगितलं, खोबरेलाने बऱ्याच जणांची छिद्रं बंद होतात म्हणाले. केसांना मी आजही तेच लावते, चेहऱ्याला नाही.

त्यात आमच्याकडचं पाणी. घरात वापरायला बोअरचं पाणी आहे आणि ते इतकं जड आहे की बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. साध्या साबणाने तोंड धुतलं की पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका होतो, तो चेहऱ्यावर राहतो आणि आपल्याला वाटतं मेकअपच निघाला नाही म्हणून आपण अजून घासतो. बहुतेक फेसवॉशचा तसा साका होत नाही. हे कळल्यापासून चेहऱ्याला साबण लावणं पूर्ण बंद केलं.

नवरात्र-दिवाळीच्या सीझनला घरी यायला साडेदहा वाजायचे तेव्हा वाइप्स आणले. यावर फार लिहिण्यासारखं नाही. डोळ्यांची आग व्हायची, आणि तीन वाइप्स काळेपिवळे झाल्यावरसुद्धा वर ओला कापूस फिरवला की कापसाला रंग यायचाच. म्हणजे अर्धा मेकअप नुसता इकडचा तिकडे. एकदा आई शेजारी बसली होती, ती म्हणाली, "कितलं घसी ऱ्हायनी वं माय!" आणि तेव्हा लक्षात आलं की खरंच मी पापण्या खसाखसा ओढतेय. आता पर्समध्ये एक पाकीट असतं ते फक्त बसच्या प्रवासासाठी, आणि घरी पोचल्यावर चेहरा धुतेच. वाइप्सचं कापड बऱ्याचदा पॉलिस्टरचं असतं, ते टॉयलेटमध्ये टाकू नका, कचऱ्यात टाका.

मग मायसेलर वॉटर. मी गार्नियरचं गुलाबी झाकणवालं घेतलं, चारशे एमएलची बाटली मला साधारण सव्वादोन महिने गेली. दिसायला पाणी, पण त्यात सौम्य क्लिन्झरचे बारीक कण गोळा होऊन असतात, त्यांची एक बाजू तेलाला धरते आणि एक पाण्याला, म्हणून मेकअप कापसावर उचलला जातो. थंडीत याचा खूप आधार झाला. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचं पाणी हात लावू देत नाही, त्यात कापसावर थोडं घेऊन बसल्या बसल्या काम व्हायचं. पण दोन गोष्टी. एक म्हणजे वॉटरप्रूफ मस्कारा याने माझा कधीच पूर्ण निघाला नाही. आणि दुसरं, बाटलीवर धुवायची गरज नाही असं लिहिलेलं असतं म्हणून मी तीन आठवडे तशीच झोपले, तर गाल ओढल्यासारखे आणि कोरडे व्हायला लागले. शेवटी ते क्लिन्झरच आहे, चेहऱ्यावर रात्रभर कशाला ठेवायचं? नंतर नुसत्या पाण्याने धुवायला लागले आणि आठवड्याभरात गाल ठीक झाले. हलका मेकअप असेल, म्हणजे बीबी क्रीम आणि टिकाऊ नसलेली लिपस्टिक, तर हे एकच पुरेसं आहे असं माझं मत.

डोळे आणि ओठांसाठी मात्र दोन थरांचं रिमूव्हर वेगळं ठेवाच. वर तेल, खाली पाणी, हलवून लगेच कापसावर घ्यायचं, न हलवता घेतलं तर नुसतं तेलच येतं आणि शेवटी बाटलीत पाणी उरतं, माझी पहिली बाटली अशीच वाया गेली. कापूस बंद डोळ्यावर ठेवायचा आणि वीस आकडे मोजायचे, मग वरून खाली एकदाच ओढायचा. घासायचं नाही!! एवढ्या नऊ महिन्यांत सगळ्यात जास्त फरक मला या वीस आकड्यांनी पडला, कुठल्या ब्रँडने नाही. पापण्यांचे केस गळायचे ते जवळजवळ थांबले. पापणीच्या आतल्या कडेचं काजळ कोरत बसू नका, ते सकाळी कोपऱ्यात आपोआप येतं. लेन्स असेल तर आधी लेन्स काढायची, नाहीतर तेलाचा थर बसून धूसर दिसतं, माझ्या काउंटरवरच्या मैत्रिणीला हा त्रास झाला. संपूर्ण चेहऱ्याला हे वापरणं मला परवडतही नाही आणि तेलकटही वाटतं.

फेब्रुवारीपासून क्लिन्झिंग बाम वापरतेय आणि रोजच्यासाठी माझी पसंती याला आहे. हे पण तेलच, पण त्यात पाण्यात मिसळायची सोय केलेली असते, म्हणून खोबरेलाचा जो त्रास होता तो इथे नाही. पद्धत नीट पाळायला लागते. हात कोरडे, चेहरा कोरडा, बोराएवढा बाम घेऊन मिनिटभर हलक्या हाताने चोळायचं, मग बोटं ओली करून परत फिरवायचं, तो दुधासारखा पांढरा होतो, आणि मग भरपूर पाण्याने धुवायचं. मी आधी ओल्या हातानेच घ्यायचे आणि मग तक्रार करायचे की निघत नाही. वर थोडा फेसवॉश, झालं. कापूस लागत नाही हा महिन्याचा मोठा खर्च वाचतो, आधी दिवसाला तीन-चार पॅड जायचे.

फक्त आपल्या उन्हाळ्याचं काय करायचं ते आधी ठरवा. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला गेला की बाम डबीत सरळ पातळ होतो, माझा एकदा कपाटात सांडून ओढणीला डाग पडला. फ्रिजच्या दारात ठेवला तर चालतो, पण मग घट्ट होतो आणि काढायला वेळ लागतो. म्हणून मेमध्ये मी पंपवाल्या क्लिन्झिंग ऑइलवर गेले, काम तेच, आणि सांडायची भीती नाही. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मामेबहिणीच्या लग्नात जाड मेकअप आणि चिकटवलेल्या पापण्या होत्या, तेव्हा आधी दोन थरांचं रिमूव्हर डोळ्यांना आणि मग ऑइल दोनदा, पंधरा मिनिटं गेली पण सकाळी एक पुळी नव्हती.

अजून एक, डबीवर उघड्या झाकणाचं छोटं चित्र असतं आणि त्यात १२एम किंवा ६एम असं लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून तेवढे महिने वापरायचं. मी उघडल्याची तारीख मार्करने तळाशी लिहिते. आताच्या बामवर १४ फेब्रुवारी लिहिलंय, अजून चमचाभर उरलाय, पाऊस पडून गारवा आला की तोच परत काढणार आहे.